दिवा कुठे आहे?

माइनक्राफ्ट नावाचा एक खेळ आहे. ज्यांच्या घरात आठ-दहा वर्षांचं मूल आहे त्यांना तो सांगायला नको. बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगतो. मार्कुस पेर्सन नावाच्या एका स्वीडिश माणसाने २००९ साली तो सुरू केला आणि २०११ साली तो पूर्ण स्वरूपात बाजारात आला. सारं जग चौकोनी ठोकळ्यांचं. माती, दगड, लाकूड, पाणी, सगळं ठोकळ्यांत. खणायचं, गोळा करायचं आणि रचायचं. कुणी झोपडी बांधतं, कुणी राजवाडा, कुणी अख्खं शहर.

माझा नातू हा खेळ खेळतो. त्याने बांधलेला एक दरबार मी पाहिला. उंच खांब, लांबच लांब गालिचा, भिंतीवर चित्रं. सगळं लख्ख उजेडात, पण दिवा कुठेच नाही! ना मशाल, ना झुंबर, ना खिडकी. "दिवा कुठे आहे?" असं विचारल्यावर त्याने गालिच्याचा एक तुकडा उचलून दाखवला. खाली जमिनीत पिवळा चमकता ठोकळा पुरलेला. या खेळात गालिचा उजेड अडवत नाही, त्यामुळे दिवा झाकला जातो आणि उजेड वर येतो. दुसरा ठोकळा भिंतीत, चित्राच्या मागे. तिसरा झाडाच्या पानांत. दिवे लपवण्याच्या अशा डझनभर युक्त्या या मुलांना पाठ असतात आणि ती एकमेकांना शिकवतात.

मी आयुष्यभर शाळेत इतिहास शिकवला, त्यामुळे मला लगेच वाटलं की ही युक्ती आजची नसणार. माणसाने दिवा लपवायला कधी सुरुवात केली? आणि का? त्यावर जे वाचलं आणि विचार केला ते इथे लिहितो आहे. विषय पोरकट वाटेल, पण तो पुढे मुळशीच्या धरणापर्यंत जातो. थोडा धीर धरावा.

आधी या खेळातला उजेडाचा कायदा समजून घ्यायला हवा. इथे उजेडाला शून्य ते पंधरा असे अंक आहेत. मशालीचा उजेड चौदा, त्या पिवळ्या ठोकळ्याचा, म्हणजे ग्लोस्टोनचा, पंधरा. दिव्यापासून एकेक ठोकळा दूर जावं तसा उजेड एकेकाने उतरतो. आणि जिथे अंधार असतो तिथे भुतं जन्माला येतात! चालती प्रेतं, धनुष्यबाण घेतलेले सांगाडे आणि क्रीपर नावाचा एक हिरवा प्राणी. हा शेवटचा महाभाग आवाज न करता पाठीमागे येतो आणि फुटतो. त्याच्याबरोबर तुम्ही बांधलेली भिंतही जाते. म्हणून नवशिका खेळाडू पहिल्या रात्री जमेल तिथे मशाली खोचतो. दारात, छपरावर, अंगणात. दिसायला ते घर काटेरी साळिंदरासारखं दिसतं, पण जीव वाचतो.

थोडं स्थिरस्थावर झालं की त्याला त्या मशाली खुपायला लागतात. मग तो त्या ओळीत लावतो, कंदील टांगतो. आणि हात बसला, भीती गेली, की तो दिवे लपवायला लागतो. म्हणजे आधी भीती, मग शोभा, मग लपवणं. मला वाटलं, आपल्याकडेही हे याच क्रमाने घडलं असणार. पण इतिहास चाळला तर तसं दिसलं नाही. आपल्याकडे लपवण्याचं काम फार आधी, दोन हजार वर्षांपूर्वी झालेलं आहे. फक्त लपवलेला दिवा वेगळा होता. तो सूर्य होता.

लोणावळ्याजवळचं कार्ल्याचं चैत्यगृह बहुतेकांनी पाहिलेलं असतं. शाळेच्या सहलीत तर नक्कीच. एकवीरेच्या दर्शनाला जाणारेही तिथे डोकावतात. डोंगर कोरून केलेला हा दालनाचा प्रकार सुमारे सव्वाशे फूट लांब आणि पंचेचाळीस फूट उंच आहे. दोन्ही बाजूंना खांबांच्या रांगा, टोकाला स्तूप. दाराच्या वर घोड्याच्या नालेच्या आकाराची मोठी खिडकी आहे. आता गंमत पाहा. आपण दारातून आत येतो तेव्हा ही खिडकी आपल्या पाठीमागे आणि डोक्यावर असते. आपल्याला ती दिसत नाही. दिसतो तो समोरचा स्तूप, उजेडात न्हालेला. कडेच्या खांबांमागे अंधार, मधल्या वाटेवर संधिप्रकाश आणि टोकाला उजेड. जेम्स फर्ग्युसन या एकोणिसाव्या शतकातल्या वास्तु-अभ्यासकाने जगभरच्या इमारती पाहिल्या होत्या. त्यानेही एकाच उंच खिडकीतून थेट स्तूपावर उजेड पाडण्याच्या या रचनेची मनापासून तारीफ केली आहे. कार्ल्याच्या कारागिरांनी दिवा कुठे ठेवला? भक्ताच्या पाठीमागे. माझ्या नातवाची गालिच्याखालची युक्ती आणि ही युक्ती एकाच जातीची.

इतक्या लांब कशाला, आमच्या खरवईहून अंबरनाथ काही दूर नाही. तिथलं शिवमंदिर शके ९८२ मधलं, म्हणजे इ. स. १०६० चं. शिलाहार राजा मामवाणी याच्या काळातला शिलालेख त्या मंदिरात आहे. सभामंडपात कोरीव खांबांमधला काळोख, आणि तिथून पायऱ्या उतरून खाली गाभाऱ्यात जायचं. नेहमीचा अनुभव असा की जसजसं गाभाऱ्याकडे जावं तसा अंधार वाढत जातो. इथे उलटं होतं. खाली उतरावं तर पिंडीवर उजेड. मान वर केली की कळतं, गाभारा वरून उघडा आहे, माथ्यावर शिखर नाही आणि आभाळच आत आलेलं आहे. बांधणाऱ्याच्या मनात असाच उजेड होता असा माझा दावा नाही, कारण आज आपल्याला मंदिर दिसतं ते पूर्ण शिखराविना. पण उजेड येण्याची जागा डोळ्याआड असली की साध्या दगडालाही काय कळा येते, हे तिथे अर्धा तास बसल्यावर समजतं.

कोल्हापूरच्या अंबाबाईचा किरणोत्सव तर सर्वांना ठाऊक आहे. जानेवारीच्या अखेरीस आणि फेब्रुवारीच्या सुरुवातीला, आणि पुन्हा नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात, मावळतीची किरणं महाद्वारातून थेट गाभाऱ्यात शिरतात. पहिल्या दिवशी चरणांवर, दुसऱ्या दिवशी वर आणि तिसऱ्या दिवशी मुखावर. इथे दिवा आहे कोट्यवधी मैलांवर आणि त्याची 'तार' म्हणजे देवळापासून पश्चिमेकडे गेलेली एक मोकळी सरळ रेषा. ती रेषा कुणाला दिसत नाही, म्हणून तिच्यात इमारती आणि फलक उभे राहिले आणि किरणं अडायला लागली. मग मोजमापं झाली, अडथळ्यांच्या याद्या झाल्या. जे दिसत नाही त्याची काळजी घ्यायची राहून जाते. हा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

तर सूर्य लपवणं आपल्याला जमलं होतं. पण दिवा? तेलाचा, वातीचा दिवा? तो मात्र आपण कधी लपवला नाही. उलट मिरवला. देवळासमोर दगडी दीपमाळ उभी केली. जेजुरीच्या गडावर चढताना त्या दिसतातच. गोव्यात मंगेशीला सात मजली दीपस्तंभ आहे. घरात समई देवापुढे, लामणदिवा साखळीने टांगलेला, भिंतीतला कोनाडा दिव्यासाठी. त्या कोनाड्याला नावही 'दिवळी'. दिवेलागणीला दिवा लावायचा, त्याला हात जोडायचे, 'शुभंकरोती' म्हणायचं. जो दिवा लपवून ठेवला आहे त्याला नमस्कार कसा करणार?

यामागे भक्तिभाव आहेच. पण मला त्यामागे एक अगदी साधं कारण दिसतं. तेलाच्या दिव्याची सतत निगा राखावी लागते. वात पुढे सारायची, काजळी झाडायची, तेल घालायचं, वारा आला की हात धरायचा. दिव्याला हवा लागते, म्हणून तो झाकून चालत नाही. गालिच्याखाली ठेवला तर गालिचाच पेटेल! शिवाय तेल महाग. नजरेआड जळणारं तेल कुणाला परवडणार? ज्या दिव्याकडे दर घटकेला कुणाला तरी जावं लागतं, तो दिवा सर्वांना दिसेल अशाच जागी हवा.

आणि दिवा दिसायचा तसा दिव्याची निगा राखणारा माणूसही दिसायचा. पालखीबरोबर मशालजी चालायचा, त्याला मान होता आणि कामाचा मोबदला होता. जुन्या नाटकांत तर मशालवाला रंगमंचाजवळच उभा असे. राक्षसाच्या प्रवेशाला मशालीवर राळ फेकायची, भक्कन भडका उडायचा आणि पोरं आयांच्या कुशीत शिरायची. भडका कुणी उडवला हे सगळ्यांना दिसत होतं आणि त्यामुळे कुणाचा रसभंग होत नव्हता. पुढे थिएटरं आली तेव्हा रंगमंचाच्या पुढच्या कडेला दिव्यांची रांग लावून प्रेक्षकांच्या बाजूने आडोसा करायला लागले. नटांना दिवे दिसायचे, प्रेक्षकांना फक्त उजेडातले चेहरे. पण हे लपवणं अर्धंच होतं. वाती कातरायला माणूस लागायचाच आणि धूर काही आडोशामागे राहत नाही.

घरोघरी रॉकेलचे कंदील आले तरी हे बदललं नाही. ज्यांनी कंदिलाच्या काचा पुसल्या आहेत त्यांना सांगायला नको. संध्याकाळी ओळीने कंदील मांडायचे, राखेने आणि फडक्याने काचा लख्ख करायच्या, वात सरळ कापायची. वाकडी कापली तर एका बाजूने ज्योत वर जाते आणि काच काळी होते. बहुतेक घरांत हे काम एखाद्या मुलीकडे किंवा सुनेकडे असायचं. त्या काचेत तिचं श्रम दिसायचं. काच काळी राहिली तर तेही दिसायचं, आणि बोलणी तिला खावी लागायची, हेही खरंच. जुनं ते सगळं सोनं होतं असं मला म्हणायचं नाही. रॉकेलच्या धुराने डोळे गेले, पदर पेटून बायका भाजल्या. तो दिवा गेला ते बरंच झालं.

मग दिवा लपवणं शक्य कधी झालं? विजेचा दिवा आला तेव्हा. विजेच्या दिव्याला वारा लागत नाही, तेल लागत नाही, त्याच्यापाशी महिनोन् महिने कुणी गेलं नाही तरी चालतं. काचेत बंद असलेला दिवा कुठेही खुपसता येतो. माणसाने दिव्यापासून हात काढून घेतला, आणि त्यानंतरच दिवा भिंतीत जाऊ शकला.

मुंबईत विजेची सुरुवात विसाव्या शतकाच्या पहिल्याच दशकात झाली, पण खरी मुबलक वीज आली ती सह्याद्रीतून. लोणावळ्याच्या आसपास तलाव बांधून पावसाचं पाणी साठवायचं, नळांतून ते घाटाखाली सुमारे १,७०० फूट सोडायचं आणि त्या जोरावर खोपोलीला यंत्रं फिरवायची, अशी टाटांची योजना होती. १९१५ साली ती वीज मुंबईला पोचली. आपण कर्जतच्या गाडीत बसून ज्या डोंगरांकडे बघतो, त्याच डोंगरांतलं हे पाणी.

वीज मुबलक झाली आणि मुंबईत दिवे लपवायची फॅशन आली. ती दिसली मुख्यतः चित्रपटगृहांत. १९३३ साली रीगल उघडलं, १९३८ साली इरॉस आणि मेट्रो. बाहेरून गोलाई घेतलेल्या भिंती, आतून झगमगाट. चित्रपटगृहात लपवलेल्या दिव्याचा खरा उपयोग आहे. खेळ सुरू होताना दिवे हळूहळू मंद करायचे असतात, आणि उघडा बल्ब डोळ्यांत खुपतो. त्यासाठी छताच्या कडेने प्लास्टरची खोबण करतात आणि तिच्या ओठामागे बल्बांची रांग लावतात. उजेड आधी पांढऱ्या छतावर जातो आणि तिथून खाली झिरपतो. ऐकायला सोपं, करायला अवघड. ओठ बुटका ठेवला तर बाल्कनीतल्या प्रेक्षकाला बल्ब दिसतो. खोबण छताला फार जवळ केली तर कडेला एक पांढरी पट्टी चमकते आणि मधलं छत काळं राहतं. बल्ब लांब लांब लावले तर छतावर ठिपके उमटतात. म्हणजे डोळा, बल्ब आणि छत यांचं गणित बसवावं लागतं.

हे गणित ज्यांना उत्तम साधलं त्यांत एक मराठी नाव आहे, वामन नामजोशी. हे नाव आपल्याकडे जितकं माहीत असायला हवं तितकं नाही. मुंबईत मरीन लाइन्सजवळ 'लिबर्टी' चित्रपटगृह १९४९ साली 'अंदाज' या चित्रपटाने सुरू झालं. नुकत्याच मिळालेल्या स्वातंत्र्याची आठवण म्हणून ते नाव. त्याची अंतर्गत सजावट नामजोशींची. लाकडाचं काम, प्लास्टरमध्ये घडवलेले कारंज्यासारखे आकार आणि त्या आकारांना उजळणारे पण स्वतः न दिसणारे दिवे. त्यानंतर सव्वीस-सत्तावीस वर्षांनी, १ जून १९७६ रोजी, जयपूरला 'राजमंदिर' उघडलं. तेही नामजोशींचंच. राजस्थानला सहलीला गेलेली मराठी माणसं हवामहल पाहतात आणि संध्याकाळी राजमंदिरमध्ये सिनेमाला जातात. पण ज्या छताकडे बघून ती "वा!" म्हणतात ते एका मराठी माणसाने कल्पिलेलं आहे, हे त्यांतल्या किती जणांना ठाऊक असतं? तिथे प्रेक्षागृहाच्या भिंती आणि छत लाटांसारखे वळत जातात, आणि त्या वळणांमागून रंगीत उजेड येतो, बदलतो, विझतो. दिवा एकही नजरेला पडत नाही.

दिवे लपवणाऱ्याचं नावही लपून राहावं, याला योगायोग म्हणायचं का? मला तसं वाटत नाही. दिवा दिसेनासा झाला की तो लावणारा माणूस दिसेनासा होतो. आणि त्याच्याही मागे आणखी कुणी असतं, ते तर दिसतच नाही. आता मुळशीकडे येतो.

मुंबईला आणखी वीज हवी होती. गिरण्यांना हवी होती, आगगाडीला हवी होती. खोपोलीनंतर पुणे जिल्ह्यात मुळशी पेट्यात नीला आणि मुळा यांच्या खोऱ्यात धरण बांधायचं ठरलं. त्या खोऱ्यात पन्नासच्या आसपास गावं होती. भाताची खाचरं होती, पिढ्यान् पिढ्यांची घरं होती. आपली जमीन जाणार हे लोकांना कळलं ते मोजणीदार शेतात आले तेव्हा. १६ एप्रिल १९२१ रोजी, रामनवमीच्या दिवशी, मावळ्यांनी सत्याग्रह सुरू केला. बायका-पोरं बांधकामाच्या जागी जाऊन बसली. पांडुरंग महादेव बापट या लढ्यात उतरले, तुरुंगात गेले आणि 'सेनापती' झाले. तीनेक वर्षं लढा चालला. शेवटी धरण झालंच. मोठ्या जमीनदारांना आणि सावकारांना नुकसानभरपाईचा व्यवहार मानवला, कसणाऱ्यांची मात्र खाचरं पाण्याखाली गेली. १९२७ साली भिऱ्याचं वीजघर सुरू झालं. धरणाविरुद्धचा जगातला पहिल्या काही लढ्यांपैकी हा एक लढा आपल्या दारातला, पण पाठ्यपुस्तकात त्याला मिळतात दोन-तीन ओळी. वर्गात तो शिकवताना मुलं विचारायची, "सर, मग वीज नको होती का?" प्रश्न बरोबर आहे. वीज हवीच होती. कोळशाच्या धुराऐवजी पाण्यावर वीज, ही त्या काळी दूरदृष्टीच होती. पण ज्याची जमीन जाते त्याला विचारावं लागतं, त्याचं नीट पुनर्वसन करावं लागतं आणि त्याची आठवण ठेवावी लागते. यातलं तिसरं तर फुकट होतं. तेही आपण केलं नाही.

लिबर्टीच्या खोबणीतले दिवे १९४९ साली लागले तेव्हा मुंबईच्या विजेचा मोठा वाटा सह्याद्रीतल्या या पाण्याचाच होता. प्रेक्षकाला बल्ब दिसत नव्हता. बल्बमागची तार दिसत नव्हती. तारेच्या दुसऱ्या टोकाला बुडालेलं खोरं होतं, ते तर नाहीच नाही. समईसमोर बसलेल्या माणसाला तेल किती उरलं ते दिसतं. छताच्या कडेने झिरपणाऱ्या उजेडात काय उरलं आणि काय संपलं, हे कळायला मार्गच नसतो.

आता ही लपवाछपवी आपल्या घरांत आली आहे. खरवईत, कात्रपला, बदलापूर-अंबरनाथ पट्ट्यात जिथे म्हणून नवा टॉवर उभा राहतो तिथे हॉलला पीओपीचं फॉल्स सीलिंग असतंच, आणि त्याच्या कडेने एलईडीची पट्टी. राजमंदिरचं छत वन बीएचकेत आलं म्हणा ना! निळ्या एलईडीचा शोध लावणाऱ्या तिघा जपानी वंशाच्या शास्त्रज्ञांना २०१४ साली नोबेल मिळालं, आणि त्यांच्यामुळे पांढरा, थंड, वर्षानुवर्षं टिकणारा दिवा स्वस्त झाला. बोटाएवढ्या रुंदीची पट्टी चिकटवली की झालं. मला या सजावटीचा राग नाही. वयामुळे डोळ्यांना उघडा दिवा सोसत नाही, आणि हा झिरपता उजेड वाचायला नसला तरी बसायला सुखाचा आहे.

पण निगेचा प्रश्न संपलेला नाही, फक्त पुढे ढकलला गेला आहे. आमच्या ओळखीच्या एका घरात ही पट्टी दोन वर्षांत बंद पडली. पट्टी चांगली होती. तिला वीज पुरवणारी डबी, जिला इलेक्ट्रिशियन ड्रायव्हर म्हणतात, ती गेली होती. आणि ती डबी सीलिंगच्या आत, हात जाणार नाही अशा जागी बसवलेली! शेवटी छत फोडावं लागलं. शहाणा कारागीर तिथे एक झाकणाची खिडकी ठेवतो. ती खिडकी छताची शोभा थोडी बिघडवते, म्हणून घरमालक नको म्हणतो. आणि मग पुढच्या दुरुस्तीला छतच फोडतो.

२००५ च्या सुमाराचं भारनियमन आठवतं? तासन् तास वीज नसायची. तेव्हा घराघरांत दिवा पुन्हा दिसायला लागला होता. टेबलावर मेणबत्ती, तिच्याभोवती सगळं घर. मुलं अभ्यास करता करता मेणाचे गोळे करायची, आणि आजी तिच्या वेळच्या गोष्टी सांगायची. त्या दिवसांत लोक एकमेकांना विचारायचे की वीज येते कुठून, कोयनेत पाणी किती, कोळसा का नाही. वीज सुरळीत झाली आणि ते प्रश्नही थांबले.

दिवाळीतला किल्लाही इथे आठवायला हवा. मातीचा, दगडगोट्यांचा, पोत्यांवर चिखल थापून केलेला. महाराष्ट्रातल्या मुलांचा हा खरा माइनक्राफ्ट. आमच्या वेळी त्यावर पणत्या ठेवत. पुढे माझ्या विद्यार्थ्यांच्या पिढीने त्यात बॅटरीचा सेल, तांब्याची तार आणि बोराएवढा बल्ब आणला. सेल गुहेत, तार मातीखाली, बल्ब दरवाजाच्या कमानीमागे. संध्याकाळी तार जोडली की महादरवाजा आतून उजळायचा आणि बघणारे विचारायचे, दिवा कुठे आहे? ते पोरगं काही सांगायचं नाही. पण त्याला स्वतःला पक्कं माहीत असायचं, कारण चिखलात हात घालून ती तार त्यानेच पुरलेली असायची, आणि सेल उतरला तर नव्या सेलचे पैसे त्यालाच मागावे लागायचे.

माइनक्राफ्टमध्ये २०२१ पासून संगणकावरच्या आवृत्तीत आणखी एक ठोकळा आला आहे. त्याचं नाव नुसतं 'उजेड'. तो अदृश्य असतो. हवेत ठेवावा, दिसत काही नाही, पण उजेड पडतो. वात नाही, काच नाही, ठोकळासुद्धा नाही. दिवा लपवण्याच्या दोन हजार वर्षांच्या खटाटोपाचं हे शेवटचं टोक म्हणायला हवं, कारण लपवायला आता दिवाच उरला नाही. हा ठोकळा मात्र सहज मिळत नाही. साध्या खेळात तो सापडत नाही, खास आज्ञा टाइप करून मागवावा लागतो. माझ्या नातवाला तो आवडत नाही. "त्यात काय मजा?" म्हणतो.

त्याची मजा कशात आहे ते मी समजून घेतलं. गालिच्याखालचा ग्लोस्टोन वर, जमिनीवर सापडत नाही. जीव वाचवत खेळायच्या प्रकारात त्यासाठी नेदर नावाच्या पाताळात उतरावं लागतं. तिथे आगीची तळी आहेत, आग ओकणारे प्राणी आहेत. तिथल्या छताला लटकलेले ग्लोस्टोन फोडायचे, त्यांची पूड गोळा करायची, चार मुठी पुडीचा एक ठोकळा करायचा आणि जिवंत परत यायचं. साधी मशाल करायची तरी कोळसा मिळवावा लागतो. दरबारातल्या प्रत्येक लपलेल्या दिव्याचा हिशेब त्याच्या तोंडावर असतो. हा दुसऱ्या फेरीत आणला, हा आणताना एकदा मेलो, हा मित्राने दिला.

भिंतीवरचं बटण दाबताना असा हिशेब आपल्यापैकी कुणाला सांगता येईल? निदान एक नोंद तरी ठेवावी. मुळशी पेटा, १९२१. पावसाळ्यानंतर पुण्याहून ताम्हिणीच्या वाटेने गेलं तर तो जलाशय उजव्या-डाव्या हाताला दिसत राहतो. लोक गाडी थांबवून फोटो काढतात. मुलं बरोबर असतील तर पाण्याखाली काय आहे तेही त्यांना सांगावं.